भुजची धावपट्टी, नागपूरचे कर्णिक आणि माधापरच्या बाया

लकडगंजातून कधी पायी फिरलात, तर आरा मशीनचा आवाज आणि ओल्या लाकडाचा वास पाठ सोडत नाही. या लाकडाच्या धंद्यात गुजराती, कच्छी घरं भरपूर. आपल्या आजच्या गोष्टीत ही दोन्ही गावं येतात. माणूस नागपूरचा आणि मैदान कच्छचं.

डिसेंबर 1971. 3 तारखेच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या हवाई तळांवर हल्ले सुरू केले. भुजच्या तळाचे प्रमुख होते स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक. जन्म नागपूरचा, 1939चा. वय फक्त बत्तीस. नकाशा उघडून भुज बघा. वरती कच्छचं रण आणि रणापलीकडे थेट सिंध. शत्रूच्या विमानाला यायला कितीसा वेळ लागणार? चौदा दिवसांत या तळावर पस्तीस वेळा हल्ला झाला, असा आकडा सगळीकडे दिला जातो.

आता एक गोष्ट समजून घ्या. तळ वाचवायचा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विमानविरोधी तोफा येतात, हवेतली झुंज येते. पण धावपट्टीला चार खड्डे पडले, की जगातलं सगळ्यात भारी विमानही नुसता पत्र्याचा डबा. उडता येत नाही, उतरता येत नाही. म्हणजे खरा प्रश्न काय, तर खड्डे कोण बुजवणार आणि किती लवकर?

8 डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी सेबर विमानांनी भुजची धावपट्टी बॉम्ब टाकून फोडली. कर्णिकांकडे माणसं मोजकी. दुरुस्तीला मजूर मिळेनात. मग जिल्हा प्रशासनामार्फत शेजारच्या माधापर गावाला निरोप गेला आणि तिथून सुमारे 300 बाया आल्या. बहुतेक शेतकरी पटेलांच्या घरातल्या. कोणी लेकरं शेजारणीकडे सोडून आली होती.

काम कसं चालायचं? भोंगा वाजला की हातातलं टाकून झुडपांत नाहीतर खंदकात पळायचं. धोका टळल्याचा भोंगा झाला की परत घमेली उचलायची. वरून दिसू नये म्हणून हिरवट रंगाच्या साड्या. आणि धावपट्टी? ती चक्क शेणाने सारवली, आपल्याकडे अंगण सारवतात तशी, म्हणजे आकाशातून जमीनच वाटावी. पहिल्या दिवशी जेवणाची सोयच नव्हती, बाया उपाशी राबल्या. दुसऱ्या दिवशी देवळातून फळं आणि मिठाई आली. 72 तासांत पट्टी तयार झाली आणि तिच्यावरून विमान उडालं.

इथे थोडं थांबू या, कारण हा भाग सगळे घाईघाईत सांगून मोकळे होतात. तळ म्हणजे शत्रूचं निशाण. त्याच निशाणावर वर्दी नसलेल्या 300 बायांना उभं करायचं! एखादा बॉम्ब चुकीच्या वेळी पडला असता तर? कर्णिकांना हे पुरतं माहीत होतं. त्यांनी नंतर मुलाखतींतही सांगितलं, की एकजण जरी दगावली असती तरी मोठा धक्का बसला असता. निर्णय त्यांचा होता, जबाबदारीही त्यांची असती. मला विचाराल तर शौर्यापेक्षा हे ओझं जड.

आणि हे नुसतं 'तर काय' नाही बरं. तीस वर्षं आधीचं, प्रशांत महासागरातलं वेक बेट घ्या. चहूकडे पाणी, मधे धावपट्टी. अमेरिकी मरीन कोअरची 12 वाइल्डकॅट विमानं तिथे पोचून चारच दिवस झाले होते. 8 डिसेंबर 1941ला जपानी बॉम्बर आले आणि जमिनीवर उभ्या 8 विमानांपैकी 7 खलास. तरी उरलेल्यांनी, एकाचे भाग काढून दुसऱ्याला लावत, झुंज दिली. 11 तारखेला जपानी आरमाराला दोन विनाशिका गमावून मागे फिरावं लागलं. शेवटी विमानंच संपली, तेव्हा वैमानिक बंदूक घेऊन पायदळासारखे लढले. 23 डिसेंबरला बेट पडलं.

पण तिथे आणखी अकराशेच्या वर माणसं होती. तळ बांधायला आलेले साधे कामगार. त्यातल्या अनेकांनी दुरुस्तीला, तोफांना हात लावला. वाचलेले सगळे कैद झाले. बहुतेकांना दुसरीकडे नेलं, 98 जणांना कामासाठी बेटावरच ठेवलं. ऑक्टोबर 1943 मध्ये जपानी अधिकारी साकाईबाराने त्या सगळ्यांना गोळ्या घालायचा हुकूम दिला. युद्धानंतर त्याला फाशी झाली.

माधापरच्या बाया मात्र घरी परतल्या.

2021 मध्ये 'भुज: द प्राइड ऑफ इंडिया' आला, ओटीटीवर. अजय देवगण कर्णिकांच्या भूमिकेत. बघितला असेल तर माहीतच आहे, त्यात स्फोट फार आणि घमेली कमी. सिनेमाला मारामारी हवी असते, खडी टाकणाऱ्या बाईकडे कॅमेरा किती वेळ थांबणार?

युद्ध संपल्यावर सरकारकडून या बायांना 50,000 रुपयांचं बक्षीस मिळालं. वाटून घेतले असते तर प्रत्येकीच्या वाट्याला साधारण 166 रुपये आले असते. त्यांनी ते वाटलेच नाहीत, गावाच्या कामाला देऊन टाकले. त्यांचं स्मारक माधापरमध्ये उभं राहिलं ते 2015 साली, चव्वेचाळीस वर्षांनी. तोवर त्यातल्या कितीतरी जणी गेल्या होत्या.