बेळगावच्या बाजारातील खाऊ : कुंदा, मांडे, करदंट आणि जाता-येता निपाणी

सुट्टीत गावी जाणाऱ्या सभासदांना नातेवाईक एकच निरोप देतात : "येताना कुंदा आण." पण बाजारात कुठे जायचे, काय ताजे घ्यायचे आणि कशाची ऑर्डर आधी द्यायची, हे नव्या पिढीला ठाऊक असतेच असे नाही. त्यांच्यासाठी ही माहिती.

बाजाराची ओळख

खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, नरगुंदकर भावे चौक आणि रविवार पेठ हा बेळगावचा जुना बाजार. मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत जाता येतो. गाडी बाहेरच ठेवावी, सणासुदीत आत वळायलाही जागा नसते. एक लक्षात ठेवा : खडे बाजार दोन आहेत. एक शहरातला, दुसरा शहापूरचा. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते, त्यामुळे त्याची पेठ वेगळी वाढली. रिक्षावाल्याला नुसते "खडे बाजार" सांगितले तर भलत्याच ठिकाणी उतराल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले आणि २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी झाले. पाट्या कन्नडमध्ये दिसल्या तरी गल्ल्यावर मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही चालतात. इथल्या मिठाईचेही तसेच आहे.

कुंदा

कुंदा ही बेळगावची खूण. तो रूढ केला राजस्थानातून येऊन इथे स्थायिक झालेल्या पुरोहित मंडळींनी. चुलीवर राहून गेलेले दूध आटले आणि त्यातून कुंदा जन्मला, अशी गोष्ट घरोघरी सांगतात. दूध सतत ढवळत आटवायचे, थोडे दही घालून ते रवाळ करायचे, मग साखर आणि वेलची. तपकिरी रंग आटवण्याने आणि साखर करपू न देता परतण्याने येतो. पेढ्यासारखा घट्ट किंवा बासुंदीसारखा पातळ कुंदा चांगला नव्हे; चमच्याने उचलला की मऊ, दाणेदार लागला पाहिजे.

बाजारात आणि कॅम्प भागात मिठाईची अनेक दुकाने आहेत. कॅम्प पुरोहित हे त्यांतले बहुतेकांना माहीत असलेले नाव. कुठेही घ्या, आधी चव मागा. दुकानदार आनंदाने देतात. परतीच्या दिवशीच घ्यावा, उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नये आणि घरी पोहोचताच फ्रीजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत संपवावा.

मांडे

"मनात मांडे खाणे" हा वाक्प्रचार सगळ्यांना येतो, मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथाही; पण खरा मांडा खाल्लेली मुले आपल्या मंडळात किती असतील? बेळगावात तो अजून मिळतो. चांगले मळून मुरवलेले पीठ दोन्ही हातांवर झेलत रुमालासारखे पातळ करतात, पालथ्या तव्यावर किंवा खापरावर टाकतात, पिठीसाखर, तूप, वेलचीचे सारण पसरून गरम असतानाच घडी घालतात. एक क्षण उशीर झाला की घडी मोडते. म्हणून हे काम यंत्राचे नाही, हाताचे आहे, आणि ते हात तयार व्हायला वर्षे लागतात.

लग्नकार्यात मांड्यांना अजून मान आहे. कन्नडमध्ये त्यालाच मंडिगे म्हणतात. लग्न ठरले असेल तर तारीख पक्की होताच ऑर्डर द्या. आयत्या वेळी मिळतील या भरवशावर राहू नका. खाताना चुरून कोमट दूध आणि तूप घालावे. कुंद्यापेक्षा मांडे जास्त टिकतात, पण सामानात सर्वांत वर ठेवा. घरच्या कार्यात केकबरोबर पाच मांडेही मागवले, तरी ते करणाऱ्यांचे काम चालू राहते. मागणी थांबली की ही कला शिकायला कोणी येणार नाही.

करदंट

गोकाक आणि बागलकोट जिल्ह्यातील अमीनगड ही याची दोन गावे. बेळगावच्या दुकानांत सहज मिळतो. तुपात तळलेला डिंक, गूळ, सुके खोबरे, सुका मेवा. नाव कन्नडच : 'करिद अंटु', म्हणजे तळलेला डिंक. आपल्या डिंकाच्या लाडवाचा हा भाऊबंद. दूध नसल्याने लांबच्या प्रवासाला आणि परदेशी पाठवायला हाच योग्य.

जेवण

बाजारात उडुपी हॉटेलांत सकाळी उप्पीट, शिरा, इडली मिळते. जेवायला खानावळ बघा. लिंगायत खानावळीत ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे आपली भरली वांगी, शेंगांची चटणी आणि दही, पूर्ण शाकाहारी. किराण्यासाठी रविवार पेठ : संकेश्वरी मिरची आणि वासाचा बेळगाव बासमती तांदूळ विचारून घ्या.

निपाणी

पुणे-बेंगळूर महामार्गावर बेळगावपासून सुमारे ७५ आणि कोल्हापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर. तंबाखूची जुनी पेठ. इथे चव कोल्हापूरकडे झुकते : कटाची मिसळ, वडा, तांबडा-पांढरा. महामार्गावरच न थांबता गावात शिरा. बाजारातल्या लहान हॉटेलात सकाळची मिसळ ताजी असते.

थोडक्यात

आठवड्याआधी : मांड्यांची ऑर्डर (लग्नासाठी त्याहून बरीच आधी).
आदल्या दिवशी : करदंट, मिरची, तांदूळ.
निघताना : कुंदा.
आणि मुलांना बरोबर न्या. खोक्यातून घरी आलेला कुंदा गोड लागतोच. पण कढईसमोर उभे राहून खाल्लेला आठवणीत राहतो.