आगमनकाळ

नाताळच्या तयारीचा ख्रिस्ती उपासनाकाळ. पाश्चात्त्य चर्चमध्ये तो २५ डिसेंबरपूर्वीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान सुरू होतो. उपासनावर्षाचा आरंभही तोच. आज ‘ॲडव्हेंट’ म्हटले की रोषणाई आणि खरेदी डोळ्यांपुढे येते, पण मुळात हा काळ उपवासाचा.

स्पेनमधील सारागोसाच्या धर्मसभेने ३८० मध्ये १७ डिसेंबर ते ६ जानेवारी कोणीही चर्चला गैरहजर राहू नये, असे ठरवले. पाचव्या शतकात गॉलमधील तूरचे बिशप पर्पेतुअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास नेमून दिला. सहाव्या शतकात माकोंच्या सभेने सोमवार, बुधवार, शुक्रवार हे वार पक्के केले. रोमने मात्र हा काळ चार रविवारांपुरता आटोपशीर ठेवला आणि पश्चिमेत तोच रूढ झाला. मिलानच्या अँब्रोसियन परंपरेत अजूनही सहा आठवडे पाळतात, तर पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये चाळीस दिवसांचा उपवास टिकून आहे.

जांभळी वस्त्रे आणि प्रायश्चित्त ही मध्ययुगीन आगमनकाळाची खूण. नजर बाळ येशूइतकीच ख्रिस्ताच्या पुनरागमनाकडे आणि अंतिम न्यायाकडे असे. पुढे उपवास सैल होत गेले. कॅथलिक चर्चच्या १९६९ च्या नियमांनी या काळाला भक्तिपूर्ण आणि आनंदी प्रतीक्षेचा काळ म्हटले. १६ डिसेंबरपर्यंत पुनरागमनावर, १७ पासून जन्मोत्सवावर भर दिला.

दरम्यान घराघरांत नव्या प्रथा रुजल्या. हॅम्बर्गमध्ये गरीब मुलांसाठी आश्रम चालवणारे प्रोटेस्टंट पाद्री योहान हिनरिख विखर्न यांनी १८३९ मध्ये एका लाकडी चाकावर मेणबत्त्या बसवल्या: रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या छोट्या लाल. रोज एक जास्त पेटे आणि नाताळला किती दिवस उरले, हे मुलांना आपोआप कळे. आजचे चार मेणबत्त्यांचे हिरवे वर्तुळ त्यातूनच आले आणि विसाव्या शतकात कॅथलिकांनीही ते स्वीकारले. विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकच्या गेरहार्ट लांग यांनी छापील आगमन-दिनदर्शिका बाजारात आणल्या. पुढे या दिनदर्शिकांच्या रोज एक उघडायच्या खिडक्यांमागे चॉकलेट आले आणि वाट पाहण्याची जागा रोजच्या खाऊने घेतली. उपवास गेल्याने हरवलेला संयम या प्रथा भरून काढू शकलेल्या नाहीत.

तरीही कॅथलिक उपासनेत जुनी शिस्त शिल्लक आहे: आगमनकाळाच्या रविवारी ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गात नाहीत, ते नाताळच्या मिस्सासाठी राखून ठेवलेले असते.