ग्लायडरमधील सुरक्षापट्टे : निवड आणि बसवणी

हैदराबादेतील तारनाका येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली संदर्भासाठी भारतीय पुरुषाचे वजन ६५ किलो आणि स्त्रीचे ५५ किलो धरले. हे आकडे आहाराच्या हिशेबासाठी असले, तरी ग्लायडरच्या आसनाचा विचार करतानाही ते उपयोगी पडतात. अनेक युरोपीय बनावटीच्या एकासनी ग्लायडरमध्ये वैमानिक व पॅराशूट मिळून किमान ७० किलोच्या आसपास भार अपेक्षित असतो. सुमारे सात किलोचे पॅराशूट धरले, तर पुरुष कसाबसा या मर्यादेत बसतो. स्त्री मात्र बसत नाही. उरलेला भार शिशाच्या वजनांनी भरून काढावा लागतो आणि ती वजने निर्मात्याने नेमून दिलेल्या जागीच घट्ट बसवलेली असावी लागतात. शिकाऊ वैमानिकाची उंची वाढवण्यासाठी गाद्या रचण्याची सवय मात्र घातक आहे. मऊ गादी दबली की पट्टा सैल पडतो आणि आघाताच्या वेळी मणक्यावरचा भार वाढतो. गादी हवीच असेल, तर ती ऊर्जा शोषणाऱ्या घट्ट फोमची असावी.

पट्टा किती ताण सोसतो? युरोपीय नियमांत ग्लायडरच्या अपघाती उतरणीसाठी पुढील दिशेने गुरुत्वाच्या १५ पट त्वरण गृहीत धरले आहे. म्हणजे ६५ किलोचा माणूस क्षणभर सुमारे ९७५ किलोच्या भारासारखा पट्ट्यांवर आदळतो. एवढा भार पट्टा आणि तो जेथे जोडला आहे ती जागा, दोन्हींनी पेलायचा असतो. म्हणून पट्टा खरेदी करताना केवळ पट्टीची जाडी पाहणे व्यर्थ आहे. त्या विमानप्रकाराला मान्य असलेलाच पट्टा घ्यावा. मोटारशर्यतीचा पट्टा दिसायला कितीही भक्कम असला, तरी तो येथे चालत नाही.

ग्लायडरमधील वैमानिक मागे रेललेला असतो, हीच खरी अडचण. कमरपट्टा पोटावर नव्हे, तर कटीच्या हाडांवर बसायला हवा. त्याचे जोडबिंदू फार मागे असले, तर धक्क्यात पट्टा पोटाकडे सरकतो आणि शरीर त्याखालून पुढे घसरते; तेव्हा पोटातील अवयवांना इजा होते. खांदेपट्टे आधी करकचून ओढले, तरी कमरपट्टा वर उचलला जातो. त्यासाठी क्रम ठरलेला आहे : प्रथम कमरपट्टा खाली आणि घट्ट, मग खांदेपट्टे. मांड्यांच्या मधून येणारा पाचवा पट्टा बकल खाली धरून ठेवतो. मात्र चुकीच्या जोडबिंदूंवर तो पूर्ण उपाय ठरत नाही. खांदेपट्ट्यांचा मागचा जोड खांद्यांच्या पातळीहून फार खाली असल्यास ते मणक्याला दाबतात. पॅराशूट पाठीवर घेतल्याने हा कोन बदलतो, हे तपासणी करताना बहुधा विसरले जाते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र पुण्यात हडपसरला आहे. तेथील विंचप्रक्षेपणात ग्लायडर काही सेकंदांत वेग घेतो आणि तीव्र कोनात वर चढतो. आसन वा गादी मागे घसरली, तर वैमानिकाचा हात नकळत दांडा मागे खेचतो. जमिनीजवळ याचा परिणाम जीवघेणा होऊ शकतो. पट्टे आवळल्यानंतर दोरी सोडण्याची पिवळी मूठ, हवाई ब्रेक आणि पूर्ण पुढे ढकललेला दांडा यांच्यापर्यंत हात पोहोचतो का, हे उड्डाणापूर्वी पाहावे. हात पोहोचत नसेल, तर पट्टा सैल करायचा नाही, आसन बदलायचे.

नायलॉन वा पॉलिएस्टरची पट्टी पारदर्शक छताखाली ऊन खाते आणि कमजोर होते. जर्मन बनावटीच्या अनेक पट्ट्यांना १२ वर्षांची मर्यादा घातलेली असते. उसवलेली शिवण, फिकट पडलेला किंवा ताठर झालेला भाग, धूळ बसून अडखळणारे बकल यांपैकी काहीही दिसले, तरी पट्टा बदलावा. गोव्यासारख्या खाऱ्या, दमट हवेत धातूच्या भागांवरील गंजही पाहावा. जोरदार आघात सोसलेला पट्टा वरून चांगला दिसला, तरी तो पुन्हा वापरू नये.

पॅराशूटचे पट्टे स्वतंत्र असतात. आकाशात ग्लायडर सोडण्याची वेळ आली, तर आसनाचे बकल उघडायचे असते, पॅराशूटचे नव्हे. हा सराव जमिनीवर डोळे मिटून करवून घेतला जातो.