सैनिकाचा चेहरा कुणी रंगवायचा?

दर गुरुवारी शाळा सुटल्यावर मी नॉटिंगहॅममधल्या एका शाळेत दीड तास मुलांना अंगठ्याच्या पेराएवढे सैनिक रंगवायला शिकवतो. हे सैनिक टेबलावर मांडून लढाईचा खेळ खेळायचा असतो. एकदा ऑफिसमधल्या मित्राच्या बदली म्हणून गेलो होतो, आणि मग जातच राहिलो.

गेल्या हिवाळ्यात तिथे बारा वर्षांचा एक मुलगा अडून बसला. चिलखत झालं, पट्टे झाले, तलवारीची धार चमकली, पण चेहरा कोराच. त्याच्या हातात कपाटातली जुनी बाटली होती. लेबलवर लिहिलं होतं 'फ्लेश', म्हणजे अंगाचा रंग. आत होता फिकट गुलाबी. त्यानं एक थेंब स्वतःच्या मनगटावर लावून पाहिला आणि विचारलं, "सर, हे कुणाचं अंग?"

त्याचे आजी-आजोबा पंजाबातून इथे आलेले. मी त्याला काहीतरी उत्तर दिलं, पण ते मलाच पटलं नाही. म्हणून या खेळण्यांच्या इतिहासात शिरलो. सैनिकांना रंग कुणी दिला, आणि कोणता द्यायचा हे कुणी ठरवलं, एवढंच शोधत होतो.

सुरुवात जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे टिनचे चपटे सैनिक बनू लागले. १८३९मध्ये एर्न्स्ट हाइनरिक्सननं तिथेच आपला धंदा सुरू केला. त्यानं रूढ केलेली सुमारे ३० मिलिमीटरची उंची आजच्या टेबलावरच्या सैनिकांच्याही जवळपासच आहे. पाटीच्या दगडात उलटी आकृती कोरायची, त्यात वितळलेला धातू ओतायचा, की सैनिक तयार. ओतकाम झटपट होई, वेळ खाई ते रंगकाम. ते घरोघरी वाटलं जाई आणि बायका-मुलं ते करत. कोट कोणता, पट्टा कोणता, सगळं आधीच ठरलेलं. म्हणजे एका घरात मूल मजुरीसाठी सैनिक रंगवत होतं आणि दुसऱ्या घरातलं मूल त्याच्याशी खेळत होतं.

१८९३मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटननं नवी युक्ती काढली. साच्यात शिशाचा रस ओतायचा आणि कडेचा थर गोठताच आतला रस लगेच बाहेर ओतून टाकायचा. सैनिक पोकळ, हलका आणि स्वस्त झाला. रंगकाम इथेही प्रामुख्यानं बायकांकडेच होतं. ब्रिटनच्या डब्यांत साम्राज्याच्या फौजाही असत, बंगाल लान्सर्सपासून बिकानेरच्या उंटदळापर्यंत. त्या स्वारांचे चेहरे तपकिरी असत. पण एका डब्यातल्या सगळ्यांचा तपकिरी एकच. आपल्या माणसांचा रंग असा लंडनच्या कारखान्यात ठरत होता.

१९१३मध्ये एच. जी. वेल्सनं 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून अशा सैनिकांच्या खेळाला नियम दिले. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध सुरू झालं. खेळ मुलांच्या आणि मोठ्यांच्या हातात आला होता, ब्रश मात्र अजून कारखान्याकडेच होता.

तो हलला प्लॅस्टिकमुळे. १९५९पासून एअरफिक्स कंपनी डबीत चाळीसेक इवले सैनिक भरून विकू लागली. सगळे एकाच रंगाच्या प्लॅस्टिकचे, न रंगवलेले. हौशी लोक आधीही स्वतः रंगवत, पण आता ते खाऊच्या पैशांत जमू लागलं. १९७९मध्ये इथून जवळच्या नेवार्कमध्ये सिटाडेल कंपनी निघाली, १९८३मध्ये वॉरहॅमर हा खेळ आला. कोरे सैनिक, रंगाच्या बाटल्या आणि 'व्हाइट ड्वॉर्फ' मासिकात रंगवायच्या सूचना. आज अशा इतक्या कंपन्या या भागात आहेत, की छंदातले लोक त्याला 'लेड बेल्ट', म्हणजे शिशाचा पट्टा, म्हणतात. रंगवणारा आणि खेळणारा आता एकच झाला होता.

हे वाचताना मला पुण्याचा कुंभारवाडा आठवला. दिवाळीच्या किल्ल्यासाठी बाबांबरोबर मावळे आणायला जायचो. एका दारात माझ्याच वयाची मुलगी ओळीनं मांडलेल्या मावळ्यांना मिशा काढत बसली होती. एका फटक्यात एक मिशी, मग पुढचा. मी त्यातले सहा मावळे निवडून घेतले आणि एकाची मिशी तिरकी आहे म्हणून बदलूनही मागितला. तिच्या घरी किल्ला असेल का, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. न्यूरेंबर्गच्या मुलांबद्दल वाचल्यावर पडला.

पुढच्या गुरुवारी मी 'फ्लेश'ची बाटली कपाटात ठेवून दिली आणि पांढऱ्या टाइलवर तपकिरी, लाल, पिवळा आणि निळा यांचे थेंब मांडले. त्या मुलानं तपकिरीत लाल मिसळला, थेंबभर पिवळा घातला, मनगटाशी धरून पाहिलं. फार केशरी दिसला. ब्रशच्या टोकानं निळा घातल्यावर जमला. रंग पाण्यानं पातळ करून त्याचे दोन हात दिले. वाळल्यावर गडद पातळ रंग सोडला, तो डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाच्या कडेला जाऊन बसला. शेवटी मूळ रंगात किंचित पिवळा वाढवून कपाळ आणि गाल उजळले. अर्धा तास गेला.

शेजारची मुलगी बघत होती. तिनं आपल्या सैनिकाचा वाळलेला गुलाबी चेहरा पाहिला, मग स्वतःचा हात. ती पण गोरीच आहे. तरी म्हणाली, "माझाही जुळत नाहीये," आणि टाइल तिच्याकडे ओढून घेतली.

परवा आईला फोन केला. म्हटलं, कुंभारवाड्यात जाशील तेव्हा न रंगवलेले दहा-बारा मावळे मिळतात का बघ.

"कोरे कशाला?" आई म्हणाली. "ते लोक किती छान रंगवतात."

"म्हणूनच," मी म्हटलं. "आणि कोण रंगवतं, तेही विचार."