गोळीनं अंग काळं पडलं, म्हणून गोळी सोडायची?



कुष्ठरोगाच्या गोळ्या सुरू केल्या आणि मध्येच सोडून दिल्या, असं आपल्या गावांत अजूनही ऐकू येतं. कारण विचारलं तर एक म्हणते, अंग काळं पडलं. दुसरी म्हणते, गोळीनं चट्टे उलट सुजले. ही भीती खोटी नाही. पण तिचं उत्तर डॉक्टरांनी आणि रोग्यांनी मिळून, बरंच सोसून शोधलेलं आहे. त्यातला मोठा भाग आपल्या शेजारच्या वर्ध्यात घडला. तोच इतिहास आज सांगते.

आपल्या आज्या या रोगाला महारोग किंवा रक्तपिती म्हणायच्या. तेव्हा औषध होतं कडू कवठीचं तेल. त्याची इंजेक्शनं फार दुखायची आणि गुण क्वचितच यायचा. माणसाला घराबाहेर काढणं हाच उपाय वाटायचा. अशा काळात, १९३६ मध्ये, विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोरा. तिथं बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९५१ मध्ये आनंदवन उभं केलं.

त्याच वर्षी वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालं. त्याचे डॉ. वारदेकर यांनी नवी वाट काढली. रोग्याला गावातून उचलून न्यायचं नाही. कार्यकर्त्यांनी गावात जायचं, घरोघरी प्रत्येकाचं अंग तपासायचं, लोकांना समजावायचं आणि तिथंच औषध द्यायचं. औषध होतं डॅप्सोनची गोळी. तेलाच्या मानानं ती मोठीच सोय होती.

पण डॅप्सोन वर्षानुवर्षं घ्यावी लागायची. काहींचं रक्त तिनं कमी व्हायचं. काही थोड्या लोकांना पहिल्या दोन-अडीच महिन्यांत ताप, अंगभर पुरळ आणि कावीळ व्हायची. त्यात भर म्हणजे, एकाच औषधाला रोगजंतू दाद देईनासे होतात, हे १९६४ मध्ये मलेशियातल्या रोग्यांवरच्या अभ्यासातून सिद्ध झालं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत सुचवली. भारतात ती १९८१ च्या सुमारास ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाली, त्यांत वर्धा होता. जन्मभराचं औषध महिन्यांवर आलं. आज रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

आता अंग काळं का पडतं ते ऐका. या तीन औषधांतलं क्लोफाझिमिन मुळात क्षयरोगासाठी डब्लिनमध्ये शोधलेलं, लाल रंगाचं औषध. तो रंग कातडीत साठतो. गोळ्या संपल्या की काळेपणा हळूहळू, काही महिन्यांत ओसरतो. दुसरं रिफाम्पिसिन, ते घेतलं की लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग असतो.

चट्टे सुजणं मात्र वेगळं. मेलेल्या जंतूंविरुद्धही शरीर झुंजतं, त्याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. ती उपचाराआधी, उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही येऊ शकते. चट्टे लाल होतात, नसा दुखतात, हातापायातली ताकद जाते. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तिचा धोका वाढतो, हे आपण बायांनी खास लक्षात ठेवावं. यात गोळ्या सोडायच्या नसतात. डॉक्टर सूज उतरवणारं औषध वेगळं देतात. उशीर झाला तर बोटं वाकडी होतात, पाऊल लुळं पडतं. पूर्वीच्या रोग्यांचे हातपाय बहुतेक असेच गेले.

तेव्हा फरक ओळखा. काळी कातडी, लाल लघवी: घाबरू नका, गोळ्या चालू ठेवा. चट्टे सुजले, नस दुखली, हाताची पकड सैल झाली: त्याच दिवशी आशाताईला सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. ताप, पुरळ, डोळे पिवळे: पुढची गोळी घेण्याआधी लगेच डॉक्टरांना दाखवा. कोणती गोळी थांबवायची आणि बदल्यात कोणती द्यायची, ते डॉक्टर ठरवतील.

एक गोष्ट आणखी. कुष्ठरोग झाला म्हणून बायकोला सोडचिठ्ठी द्यायची मुभा कायद्यात होती. २०१९ मध्ये ती काढून टाकली. कायदा बदलला, पण अंग काळं पडलेल्या सुनेकडं घरातले कसे बघतात, ते कायद्यानं बदलत नाही. ते आपल्या गटाचं काम आहे. पाठीवरचा बधिर चट्टा बाईला स्वतःला दिसत नाही, तो मैत्रिणीलाच दिसतो. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि जिच्या गोळ्या चालू आहेत तिच्या शेजारी बसा.