परतीचा पाऊस आणि त्याची तारीख

दसरा जवळ आला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास ऐकू येतो. “यंदा पाऊस जायचं नावच का घेत नाही?” एखाद्या वर्षी उलट विचारतात, “इतक्या लवकर गेला कसा?” दोन्ही प्रश्नांत एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. पावसाची जायची म्हणून एक वेळ ठरलेली आहे, आणि ती आपल्याला ठाऊक आहे! ही वेळ ठरवली कोणी, आणि कशी, ते पाहू या.

वाडवडिलांनी ती नक्षत्रांवरून ठरवली. सूर्य हस्तात जातो सुमारे २७ सप्टेंबरला, चित्रेत १० ऑक्टोबरच्या आसपास आणि स्वातीत २४ च्या सुमारास. पाटावर हत्तीचे चित्र मांडून मुली भोंडल्याचा फेर धरतात तो याच दिवसांत. स्वातीची सर पडली तर शेतात मोती पिकतात, असे म्हातारी माणसे सांगत. हीदेखील एक सरासरीच होती, बरं का! फक्त ती आकड्यांत नव्हती, पिढ्यांच्या आठवणीत होती. पण आठवणीची खोड अशी, की मोठा पूर आणि मोठा दुष्काळ ती जपून ठेवते. साधी वर्षे विसरून जाते.

साधी वर्षे लक्षात ठेवायला मोजणी लागते. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली निघाली. पुढे १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आले, त्यामागून दुष्काळ पडले, आणि १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. १९२८ साली खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीला गेले, पण पुण्यातली ती इमारत अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते. ठिकठिकाणी रोज सकाळी जमलेले पाणी मापात ओतायचे, आकडा वहीत टिपायचा. काम साधे, पण एकही दिवस चुकवून चालत नाही.

या वह्यांतून पहिली मोठी बेरीज झाली ती १९०१ ते १९४० या वर्षांची, १४९ ठिकाणांची. पाच-पाच दिवसांच्या पावसाची सरासरी काढून तारखा ठरल्या. वायव्य भारतातून पाऊस परतू लागतो १ सप्टेंबरला, आणि मुंबई सोडतो २९ सप्टेंबरला. कित्येक दशके हेच आकडे प्रमाण होते.

मे २०२० मध्ये खात्याने नवा हिशेब मांडला. परतीसाठी १९७१ ते २०१९ ही वर्षे धरली. आता आरंभाची तारीख आली १७ सप्टेंबर, मुंबईची ८ ऑक्टोबर. गंमत पाहा, केरळात यायची तारीख १ जूनच राहिली. पाहुणा वेळेवर येतो, पण निघताना रेंगाळतो! अर्थात दोन्ही वेळची रीत अगदी एक नव्हती, तेव्हा सारा फरक ढगांच्या नावावर मांडता येणार नाही.

२०१९ चेच उदाहरण घ्या. त्या वर्षी पाऊस परतू लागला तो ९ ऑक्टोबरला. त्याआधीचा सर्वांत उशीर होता १ ऑक्टोबर, तोही १९६१ सालचा. जुन्या तारखेने पाहिले तर २०१९ चा पाऊस ३८ दिवस उशिरा निघाला, नव्या तारखेने पाहिले तर २२ दिवस. पाऊस तोच, माप बदलले.

पावसाच्या बेरजेचेही असेच आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची देशाची सरासरी १९६१ ते २०१० या वर्षांवरून ८८ सेंटीमीटर होती. १९७१ ते २०२० वरून ती ८७ झाली. म्हणजे ८७ सेंटीमीटर पाऊस पूर्वी किंचित उणा ठरला असता, आज तोच पुरेपूर भरतो.

शेतकऱ्याला मात्र हा आकड्यांचा खेळ नाही. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ उठले. त्याच सुमारास महाराष्ट्रात पाऊस लागून राहिला, काढलेले सोयाबीन शेतात भिजले, द्राक्षबागांचे नुकसान झाले. पीक कापायचे कधी, गंजी घालायची कधी, रब्बीच्या पेरणीला वाफसा कधी येणार, हे सारे पाऊस कधी जातो यावर टांगलेले. आजोबांचे वेळापत्रक नातवाला पुरेलच, असे आता सांगवत नाही.

म्हणून यापुढे “पाऊस सरासरीपेक्षा जास्त” किंवा “परतीला उशीर” असे कानी पडले, की मनाशी एक विचारावे: सरासरी कोणत्या वर्षांची? मग आकड्याचा अर्थ लागेल. आणि गावाजवळ कुठे पर्जन्यमापक असेल, तर त्याच्याभोवतीची जागा मोकळी ठेवावी. झाडाच्या आडोशाला पाऊस खोटा मोजला जातो, आणि तोच आकडा पुढल्या पिढीच्या सरासरीत जाऊन बसतो.