मिरजेचा तंबोरा आणि जगाची पेठ

भीमाशंकराच्या डोंगरांत उगम पावणारी भीमा, आंबेगांव तालुक्यांतून वाहणारी घोड आणि जुन्नरच्या खोऱ्यांतून येणारी कुकडी यांचें पाणी वाटेंत एक होऊन पंढरपुराकडे जातें. त्या खालच्या अंगास, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, नदीकांठच्या जमिनींत एक कडू भोपळा पिकतो. तो कोणी खात नाहीं. वेलावरच पुरता पिकूं देऊन तो वाळवितात आणि मिरजेस नेतात. तेथें त्याचा तंबोरा होतो. डोंगरांतल्या पावसाचा मैफलींतल्या षड्जाशीं असा दूरचा कां होईना, पण संबंध आहे.

जुन्नरच्या श्रोत्यांना ही कथा परकी वाटूं नये याचें दुसरेंहि कारण आहे. त्यांच्या गांवाभोंवतालच्या लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचे लेख आहेत. त्यांत वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कांसारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. दात्यांनीं धर्मकार्याची ठेव या कारागिरांच्या संघाकडे ठेवली होती. त्याच लेण्यांत इरिल, चिट आणि चंद अशा यवनांनीं दिलेल्या दानांचे लेखहि आहेत. नाणेघाटानें खालीं उतरलें कीं कल्याण-सोपाऱ्याचीं बंदरें. म्हणजे गांवचा कारागीर आणि समुद्रापलीकडचा माणूस यांची गांठ पडणें ही आजची नवलाई नव्हे. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. परक्या दात्यांचीं नांवें दगडांत राहिलीं. वेळूकाम करणाऱ्यांची श्रेणी राहिली, पण तींतल्या एकाहि माणसाचें नांव त्या लेखांत नाहीं.

मिरजेच्या वाद्यकारांची परंपरा फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून सांगतात. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार देणारे, शस्त्रें उजळणारे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि शस्त्रांचें काम ओसरत गेलें. मिरजेचे पटवर्धन अधिपति संगीताचे शोकी; त्यांच्या दरबारीं गवई-वादक येत. त्यांचीं वाद्यें बिघडलीं तर दुरुस्त कोण करणार? परंपरा अशी कीं, हें काम फरीदसाहेबांकडे आलें, आणि दुरुस्ती करतां करतां ते स्वतः नवीं वाद्यें घडवूं लागले. हा काळ साधारणपणें १८५० च्या आसपासचा. पुढें या घराण्यांना ‘सतारमेकर’ हेंच आडनांव पडलें. शस्त्र उजळणारा हात वाद्याकडे वळला यांत चमत्कार कांहीं नाहीं. धातूची पारख, तासण्याचा संयम आणि केसाएवढ्या फरकाची जाण हीं दोन्हीकडे सारखींच लागतात.

नेमक्या याच काळांत युरोपांत काय चाललें होतें तें पाहण्याजोगें आहे. म्युनिक शहरांत टेओबाल्ड ब्योम नांवाचा एक गृहस्थ होता. त्याचें मूळ शिक्षण सोनारकामाचें, आणि स्वतः तो बांसरीवादक. १८४७ सालीं त्यानें बांसरीची नळी सरळ दंडगोलाकार केली, स्वरांचीं छिद्रें शास्त्राच्या हिशेबानें पाडलीं, आणि तीं झांकण्यास चाव्यांची रचना बसविली. १ मे १८५१ रोजीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें जें विश्वप्रदर्शन उघडलें, त्यांत त्यानें आपली बांसरी मांडली. तेथें वाद्यांच्या परीक्षकमंडळांत बर्लिओझसारखा रचनाकार होता. ब्योमला पदक मिळालें, नांव छापलें गेलें, आणि आज जगभर वाजणारी पाश्चात्य बांसरी मूलतः त्याच्याच पद्धतीची आहे. त्या प्रदर्शनास साठ लाखांच्या आसपास भेटी झाल्या. एका लहान कारखानदाराला जगाची पेठ उघडून देण्याचें काम तेथें झालें.

त्याच प्रदर्शनांत हिंदुस्थानचीं वाद्यें नव्हतीं काय? होतीं. पण तीं ईस्ट इंडिया कंपनीच्या दालनांत, देशी वस्तूंच्या राशींत मांडलेलीं. युरोपियन वाद्याखालीं करणाऱ्याचें नांव, आणि आपल्या वाद्याखालीं प्रांताचें. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाहीं. नांव असलें कीं मागणी येते, आणि मागणीबरोबर तक्रारहि येते. त्या तक्रारींतून वाद्य सुधारतें. निनांवी वस्तु संग्रहालयांत जाते व तेथेंच राहते.

मिरजेला प्रदर्शनाची पेठ मिळाली नाहीं. तिला गवयांची पेठ मिळाली, आणि ती कमी कडक नव्हती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस होते. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याच हाताखालीं तेथें शिकले आणि १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. अब्दुल करीमखांसाहेब मिरजेस राहिले आणि १९३७ सालीं वारल्यावर तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांचें दफन झालें. अशा कानांपुढें तंबोरा ठेवायचा म्हणजे रोजचीच परीक्षा.

तंबोऱ्याचें मर्म बाहेरून दिसत नाहीं. भोपळा कापून, आकारास आणून, त्यावर तुणीच्या लांकडाची तबली आणि दांडी बसवितात. हें सुतारकाम झालें. खरें काम पुढें आहे. तबलीवरच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदीं किंचित् उतार असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते, आणि तार व घोडी यांच्यामध्यें एक सुताचा धागा सरकवला कीं एका स्वरांतून अनेक स्वर फुटूं लागतात. यालाच जवारी म्हणतात. कानस थोडी अधिक फिरली तर घोडी वायां जाते. त्याचें माप कोठल्या पुस्तकांत सांपडत नाहीं. बाप वाजवून दाखवितो आणि मुलगा ऐकतो. पदक देणाऱ्या मंडळानें हें कसें पारखलें असतें, हा प्रश्नच आहे.

पुढें जगानें सतार ऐकली ती १९६५ नंतर. बीटल्सपैकीं जॉर्ज हॅरिसन यानें एका गीतांत सतार वाजविली. १९६७ सालीं कॅलिफोर्नियांत माँटेरे येथें रविशंकर हजारों तरुणांपुढें वाजविण्यास बसले. त्यांच्या वाद्याचा कर्ता कलकत्त्याचा नदू मल्लिक, हें जाणकारांना ठाऊक होतें. मिरजेचा मोठा लौकिक तंबोऱ्याचा, आणि तंबोरा हा मागें बसणारा. त्याच्यासाठीं टाळी पडत नाहीं. त्याच्यावांचून गाणें मात्र सुरूच होत नाहीं.

परदेशच्या वाद्यमेळ्यांची रीत वेगळीच. १९०१ सालीं अमेरिकेंत पियानो-व्यापाऱ्यांनीं जो संघ स्थापला, त्याच्या प्रदर्शनांतून पुढें गिटारी, ढोल आणि विजेचीं यंत्रें यांचा प्रचंड बाजार उभा राहिला. जर्मनींत फ्रँकफुर्टला १९८० पासून २०१९ पर्यंत असाच मेळा भरत असे. तेथें एका टेबलामागें दोनचार गिटारी घेऊन बसलेला लहान कारागीर आणि शेजारीं हजारोंनीं माल काढणारा कारखाना, असें दृश्य असे. घेणारा पहिल्या पांच मिनिटांत विचारी, “असेंच दुसरें देऊं शकाल काय?” गिटार करणाऱ्याला याचें उत्तर फळी मोजून देतां येतें. मिरजेच्या माणसाला नाहीं, कारण दुसरा भोपळा पहिल्यासारखा पिकलेला नसतो.

शिवाय वाटेंतल्या अडचणी आहेत. पुरुषी तंबोरा साडेचार-पांच फूट लांब. भोपळा अंड्याच्या कवचासारखा नाजूक. कोरड्या थंडींत लांकूड आखडतें, सांधे सुटतात. हस्तिदंताची घोडी कायद्यानें गेली. तिच्या जागीं उंटाचें हाड आलें. २०१७ च्या आरंभीं शिसवीच्या साऱ्या जाती आंतरराष्ट्रीय करारानें परवान्याखालीं आल्या आणि शिसवी खुंट्यांच्या वाद्यालाहि कागद लागूं लागले. तयार वाद्यांना सूट मिळाली ती २०१९ सालीं. भरीस भर म्हणून १९७९ च्या सुमारास बेंगळुरास विजेचा तंबोरा निघाला. ती पेटी पिशवींत मावते, उन्हांत उतरत नाहीं, आणि तिला जवारीहि लागत नाहीं. अनेक शिकणाऱ्यांनीं तीच पसंत केली, आणि त्यांना दोष देतां येत नाहीं.

२०२४ सालीं मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. आतां दुसऱ्या ठिकाणच्या मालावर मिरजेचें नांव घालण्यास कायद्याची आडकाठी आहे. लंडनच्या दालनांत जें प्रांताचें नांव कारागिराच्या नांवावर बसलें होतें, तेंच येथें गांवाचें होऊन त्याच्या कामाची राखण करूं लागलें आहे. पुढच्या पिढींतला मुलगा कानस हातांत घेईल कीं नाहीं, हें या कागदानें ठरत नाहीं. घडविलेल्या तंबोऱ्याला दाम काय मिळतो यावर तें ठरतें. परदेशीं गेलेला तंबोरा मात्र वर्षा-दोन वर्षांत घोडी झिजून बंद बोलूं लागतो. मग त्याचा मालक ती घोडी काढून, कापसांत गुंडाळून मिरजेस पाठवितो, आणि ती परत येईपर्यंत गाणें पेटीवर चालतें.